कूस बदलताना येणारी चक्कर: गोळ्यांआधी एक तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांच्या खालोखाल माझ्याकडे चक्करच्या गोळ्या खपतात. त्या गोळ्यांबद्दलच हे पत्र आहे. त्या विकूनही माझं घर चालतं, तरी लिहिते आहे, कारण ज्यांना मी त्या देते त्यांतल्या बऱ्याच जणांचा आजार गोळीने जाणारा नाही. त्याला पाच-दहा मिनिटांचा एक उपचार आहे. त्यासाठी लागते एक खाट आणि तो उपचार शिकलेला माणूस.

आता धूळवाफ पेरण्या उरकल्या आहेत. थोड्या दिवसांत भाताची भांगलण सुरू होईल आणि दिवसभर वाकून मान वर-खाली करणाऱ्या बायका दुकानात येऊ लागतील. म्हणून हे आत्ताच लिहायला हवं.

गिऱ्हाईक येतं ते रिकामी पट्टी घेऊन. "वैनी, असल्या द्या." कन्नड बोलणारं कोणी असलं तर डोक्याभोवती हात फिरवून "तलि तिरगतैति" म्हणतं. चिठ्ठी मागितली की घडीवर फाटलेला, शाई उडालेला कागद पुढे येतो. मी विचारते, चक्कर केव्हा येते? तालुक्याच्या दोन टोकांच्या गावांतून आलेली माणसं जवळजवळ एकच उत्तर देतात. "आडवं पडलं की आढं गरगरतंय." "डाव्या कुशीला वळलं की होतंय, उजव्या अंगावर काय नाही." "वरच्या फळीचा डबा काढायला मान वर केली की." "नळाखाली वाकून केस धुताना." मग विचारते, किती वेळ राहते? "लई वेळ" असंच सगळे सांगतात, आणि ज्याचं सगळं घर फिरतं आहे त्याला ते तसं वाटणारच. पण पुढच्या वेळी घरातल्या कोणाला तरी घड्याळ बघायला सांगा म्हटलं, की उत्तर येतं अर्धं मिनिट, फार तर एक मिनिट. त्यानंतर मळमळ राहते, डोकं जड राहतं, चालताना भीती वाटते, पण गरगरणं थांबलेलं असतं.

डोकं हललं की येणारी, मिनिटाच्या आत ओसरणारी, पुन्हा तसंच डोकं हललं की परत येणारी, ऐकण्यात काही फरक न पाडणारी ही चक्कर म्हणजे बहुतेक वेळा बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. नावात बीपी असलं तरी रक्तदाबाशी त्याचा संबंध नाही. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते तो प्रकार निराळा, तिथे रक्तदाब बघावा लागतो. ही चक्कर आडवं होतानाही येते, झोपेत कूस बदलतानाही येते, आणि पडल्या जागी रक्तदाब उतरायचं काही कारण नसतं.

कारण कानात आहे, अगदी आतल्या कानात. तिथे तोल सांभाळणाऱ्या अवयवात एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण बसलेले असतात. शेजारीच द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं कुठल्या बाजूला वळलं ते मेंदूला कळवतात. वयाने, डोक्याला मार लागल्याने, फार दिवस अंथरुणाला खिळून राहिल्याने, तर कित्येकदा काहीच कारण न सापडता, यातले काही कण सुटतात आणि एखाद्या नळीत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत. मग डोकं हललं की नळीतले कण घरंगळतात, द्रव ढकलला जातो आणि मेंदूला निरोप जातो की शरीर फिरतंय. डोळे सांगतात की तू खाटेवर पडलेला आहेस, कान सांगतो की तू फिरतो आहेस. कण तळाशी बसले की निरोप थांबतो. म्हणूनच चक्कर मिनिटभराची असते.

पन्नाशीच्या पुढे हे जास्त होतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. मोटरसायकलवरून पडलेल्या तरण्या पोरांनाही मी हे सांगताना ऐकलं आहे.

कॅल्शियम म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: पानाला चुना लावते म्हणून झालं का? तंबाखूत चुना मळतो म्हणून? नाही. कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या म्हणूनही नाही. कानातले कण शरीर स्वतः घडवतं, ते जन्मापासून तिथे असतात. डॉक्टरांनी हाडांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या या भीतीने कोणी बंद करू नयेत. तंबाखू सोडायला दुसरी पुष्कळ कारणं आहेत.

आमच्या भागात या चकरेला किती नावं ठेवली जातात! कोणी पित्त म्हणतं आणि कोकमाच्या आगळावर दिवस काढतं. कोणी अशक्तपणा म्हणून सलाईन लावून घेतं. सगळ्यांत जास्त माणसं मानेचा मणका झिजला म्हणून गळ्यात पट्टा बांधून येतात. पन्नाशी उलटलेल्या शेतकरी बाईच्या मानेचा एक्स-रे काढला तर झीज दिसणारच, पण ती झीज कूस बदलल्यावर घर फिरवत नाही. स्कॅनसाठी लोक दागिना गहाण टाकतात, आणि कानातले हे कण त्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. लक्षणं आणि तपासणी दोन्ही बीपीपीव्हीशी जुळत असतील तर स्कॅनची गरजच पडत नाही.

ती तपासणी कोणती, ते सांगते. रुग्णाला तपासणीच्या टेबलावर बसवतात, डोकं एका बाजूला पंचेचाळीस अंश वळवतात आणि त्याला चटकन मागे झोपवतात, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबेल असं. डोळे उघडे ठेवायला सांगतात. दोष त्या बाजूच्या कानात असेल तर काही सेकंदांनी चक्कर सुरू होते आणि रुग्णाची बुबुळं झटके देत फिरताना दिसतात. कुठला कान, कुठली नळी, हे त्या बुबुळांवरूनच कळतं. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाईक या दोघांनी 1952 मध्ये ही तपासणी मांडली. त्याच्याही आधी, 1921 मध्ये, रॉबर्ट बारानी यांनी अशा चकरेचं वर्णन करून ठेवलं होतं. आतल्या कानाच्या तोलयंत्रणेवरील कामासाठी ज्यांना 1914 चं नोबेल मिळालं तेच हे. म्हणजे आजार नवा नाही, तपासणीही नवी नाही, आणि तिला यंत्र लागत नाही. तरीही माझ्याकडे येणाऱ्यांना "डॉक्टरांनी तुम्हाला झोपवून, डोळे बघून तपासलं का?" असं विचारलं तर होय म्हणणारा क्वचितच भेटतो.

उपचार अमेरिकेतल्या जॉन एप्ली या कानाच्या डॉक्टरांनी शोधला, 1992 मध्ये तो छापून आला. त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांचा बरीच वर्षं विश्वास बसला नाही, नुसतं डोकं वळवून चक्कर कशी जाईल म्हणून. पण त्यामागचा विचार जत्रेतल्या त्या खेळासारखा सरळ आहे: काचेच्या डबीत बारीक गोळ्या असतात आणि डबी कलती करत करत त्या भोकात नेऊन बसवायच्या असतात. इथे डबी म्हणजे आपलं डोकं. योग्य क्रमाने ते कलतं केलं की कण नळीतून गडगडत मूळ जागी परततात, आणि तिथे ते त्रास देत नाहीत.

उजव्या कानाच्या मागच्या नळीत दोष असेल तर क्रम असा. खाटेवर पाय लांब करून बसायचं, मागे उशी अशी ठेवायची की झोपल्यावर ती खांद्यांखाली येईल. डोकं उजवीकडे पंचेचाळीस अंश वळवून चटकन मागे झोपायचं, डोकं उशीपलीकडे थोडं खाली. चक्कर येईल, येऊ द्यायची. ती थांबेपर्यंत, निदान तीस सेकंद, तसंच राहायचं. मग डोकं न उचलता डावीकडे नव्वद अंश वळवायचं, पुन्हा तेवढंच थांबायचं. मग सगळं अंग डाव्या कुशीवर वळवायचं आणि तोंड जमिनीकडे करायचं, पुन्हा थांबायचं. शेवटी हनुवटी खाली ठेवून त्याच कुशीवरून हळूच उठून बसायचं. डावा कान असेल तर सगळं उलट. पहिल्या वेळी हे जाणकाराच्या हातूनच व्हावं, कारण कान चुकला तर उपयोग होत नाही, आणि आडव्या नळीत कण असतील तर पद्धतच वेगळी लागते. मानेला इजा झालेली आहे, मान फार आखडलेली आहे, डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे किंवा नुकताच पक्षाघात होऊन गेला आहे, अशांनी तर घरी करूच नये. एक ते तीन वेळा केल्यावर दहापैकी सुमारे आठ जणांना आराम पडतो. पूर्वी यानंतर दोन रात्री बसून झोपायला सांगत, ते आता आवश्यक मानत नाहीत.

नंदगडच्या बाजूच्या एका मावशींची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलीच्या लग्नानंतर त्यांची चक्कर सुरू झाली होती, आणि मी विचारलं तोवर त्या मुलीला मूल झालं होतं. एवढ्या काळात त्या रात्री खाटेवर आडव्या झाल्या नव्हत्या. भिंतीला टेकून, मांडीवर उशी घेऊन झोपायच्या. विहिरीवर जाणं सोडलं होतं, गोठ्यातली म्हैस विकली होती, कारण धार काढायला वाकलं की तोल जायचा. घरातले म्हणायचे, मन लावून घेतलंय तिनं. त्यांच्या मुलाला मी चार ओळी लिहून दिल्या: कुठल्या हालचालीने चक्कर येते, किती सेकंद राहते, कुठल्या कुशीवर जास्त, ऐकू नीट येतं की नाही. बेळगावला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाताना तोच कागद पुढे करा म्हटलं. डॉक्टरांनी कागद वाचला, मावशींना झोपवलं, डोळे बघितले, डोकं वळवलं. दुसऱ्या भेटीनंतर त्या स्वतः माझ्या दुकानाची पायरी चढून आल्या आणि गोळ्यांची पट्टी परत घ्याल का म्हणून विचारू लागल्या. मला त्या दिवशी जितका आनंद झाला तितकाच संतापही आला. एका बाईच्या आयुष्यातला एवढा काळ गेला, तोही कानात अडकलेल्या चार कणांपायी.

आता गोळ्यांबद्दल. बीटाहिस्टिन, सिनारिझीन आणि प्रोक्लोरपेराझिन ही नावं तुमच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात असतील. यांतली एकही गोळी नळीतले कण हलवत नाही. मळमळ फार असेल तर डॉक्टर दोन-चार दिवस एखादी देतात, ते योग्य आहे. बीटाहिस्टिन कानाच्या दुसऱ्या एका आजारात, मेनिएरमध्ये, मुद्दाम दिली जाते. पण सिनारिझीन आणि प्रोक्लोरपेराझिन महिनोन् महिने घेतल्या तर गुंगी येते, तोल सावरायला मेंदूने जे शिकायचं ते लांबतं, आणि म्हाताऱ्या माणसात याहून वाईट होऊ शकतं: हात थरथरू लागतो, चाल मंदावते, अंग ताठरतं, चेहरा निर्विकार होतो. कंपवातासारखंच दिसतं, पण ते औषधाने आणलेलं असतं. जांबोटीकडच्या एका आजोबांचं असंच झालं. चक्करची गोळी चालूच, आणि हाताच्या थरथरीवर दुसऱ्या डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली. दोन्ही चिठ्ठ्या एकाच वेळी काउंटरवर आल्या म्हणून ते ध्यानात आलं. मी त्यांना दोन्ही चिठ्ठ्या घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी थांबल्यावर थरथर हळूहळू ओसरली, त्याला काही महिने लागले.

तालुक्यातल्या माझ्या व्यवसायबंधूंना माझी हात जोडून विनंती आहे. रिकामी पट्टी पुढे आली की एवढंच विचारा, केव्हापासून घेता? उत्तर महिन्यांत किंवा वर्षांत आलं तर त्या माणसाला परत डॉक्टरांकडे पाठवा. आणि वाचकांनो, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ही किती दिवस घ्यायची ते स्पष्ट विचारा.

यात एक धोका आहे, तो दुर्लक्षून चालणार नाही. प्रत्येक चक्कर कानातल्या कणांची नसते. चक्कर अचानक आली आणि थांबायचं नावच घेत नाही, एकाच्या जागी दोन दिसतात, जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, हातापायातली शक्ती गेली, आधाराशिवाय उभंच राहता येत नाही, कधी नव्हे इतकं डोकं दुखतंय, छातीत कळ येतेय किंवा एका कानाने एकदम ऐकू येईनासं झालं, यांतलं काहीही असेल तर डोकं वळवत बसू नका, गोळीही शोधू नका. 108 ला फोन करा. कणकुंबी आणि हेम्माडग्याच्या पलीकडच्या वाड्यांतून इस्पितळ गाठायलाच किती वेळ जातो हे आपण जाणतो. पक्षाघातात तो वेळ मेंदूचा जातो. सकाळी बघू म्हणणाऱ्या घरांना मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

बरी झालेली चक्कर परत येऊ शकते. पाच वर्षांत सुमारे निम्म्या लोकांना पुन्हा त्रास होतो. म्हणून घाबरायचं कारण नाही, तीच क्रिया पुन्हा करता येते, आणि डॉक्टरांनी एकदा कान सांगून क्रम शिकवला असेल तर घरच्या माणसाच्या मदतीने खाटेवरही करता येते. ड जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांत हा त्रास जास्त वेळा उलटतो असं दिसलं आहे. कोरियात 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, कमतरता असलेल्यांना ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिल्यावर उलटण्याचं प्रमाण सुमारे 24 टक्क्यांनी घटलं. पण म्हणून साठ हजार युनिटची पाकिटं वाटेल तशी खाऊ नयेत, ती जास्त झाली तर मूत्रपिंडाला अपाय होतो. रक्त तपासून, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्यावीत.

आपोआप बरं होतं का, असं लोक विचारतात. होतं, पुष्कळांचं काही आठवड्यांत होतंही. पण त्या आठवड्यांत साठीची बाई न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडून बसली तर तिचं पुढचं आयुष्यच बदलतं. तोवर माळ्यावर चढू नये, काजूच्या झाडावर तर नाहीच, गाडी चालवू नये, रात्री उठताना आधी खाटेच्या कडेला थोडं बसावं, दिवा हाताशी ठेवावा.

जिल्हा आरोग्य खात्याकडे माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या अधिकाऱ्यांना ही तपासणी आणि ही क्रिया प्रत्यक्ष करून दाखवावी. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण पुरेल, नवी इमारत नको, यंत्र नको, निविदा नको. सोबत चित्रांचा एक कागद काढावा, कन्नडमध्ये आणि मराठीत, म्हणजे कागद हातात पडणारी बाई कुठल्याही भाषेची असो, तिला तो वाचता येईल. आशा कार्यकर्त्या घरोघरी जातातच. बाळंतिणीची चौकशी करताना त्यांनी घरातल्या आजीला एवढंच विचारावं: आडवं झाल्यावर घर फिरतं का? किती वेळ? होय म्हणणारी आजी तपासणीला पोचली पाहिजे. आज तिला बेळगावपर्यंत हेलकावणाऱ्या बसमधून, ओकाऱ्या काढत जावं लागतं, आणि जाण्यापेक्षा ती न जाणंच पसंत करते.

बेळगावातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांपैकी किंवा फिजिओथेरपिस्टपैकी कोणी महिन्यातून एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे यायला तयार असेल तर माझ्या दुकानामागे एक स्वच्छ खोली आहे. खाट मी आणून ठेवते, भांगलणीच्या बायकांना निरोप मी देते, कागदांच्या प्रतीही मीच काढून देते. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं, तिथून माझ्यापर्यंत निरोप पोचवण्याची कृपा आपण करावी. आणि शक्य झालं तर वर लिहिलेल्या चार स्थितींची चित्रं एखाद्या रविवारी आरोग्याच्या पानावर मोठी छापावीत, कापून भिंतीला लावता येतील एवढी.

आपली,
एक औषध विक्रेती व नियमित वाचक,
ता. खानापूर, जि. बेळगाव